थरथरत्या हातासाठी

एकदा एका नगरातल्या यंत्रशाळेत श्रीकंठ नावाचा एक शिष्य होता. मोडलेली वस्तू त्याच्या हाती द्यावी आणि ती चालती होऊन परत मिळावी, अशी त्याची ख्याती होती. शाळेचे आचार्य फार वृद्ध होते. नगरातल्या निम्म्या कारागिरांना त्यांनीच हातात छिन्नी धरायला शिकवले होते. ते क्वचितच कोणाची स्तुती करीत. श्रीकंठाच्या कामाकडे पाहून मात्र ते मान डोलावत, आणि श्रीकंठाला तेवढे पुरत असे.

नगराच्या वरच्या अंगाला दोन टेकड्यांमध्ये बांध घालून मोठे धरण केलेले होते. त्याला दोन दारे होती. एका दारातून पाणी नगराच्या कालव्यात येई; त्यावर रंगाऱ्यांची आळी, बागा, पाणवठे सारे चाले. दुसरे दार एका खोल, निर्मनुष्य घळीकडे उघडे. पूर आला की जादा पाणी त्या घळीत सोडायचे, म्हणजे नगर सुरक्षित. पूर्वी ही अवजड दारे उचलायला गड्यांचा जथा लागे. श्रीकंठाने दातेरी चाके, साखळ्या आणि वजने अशी काही जुळवली, की बांधावरच्या चौकीत बसून एकटा माणूस नुसता एक दांडा ओढून अख्खे दार उचलू लागला.

दोन दारे, दोन दांडे. पितळेचे, आरशासारखे घासलेले, माथ्यावर कमळाची मूठ. जुळी भावंडे जशी. चौकीची कमान नगराच्या बाजूला होती, म्हणून श्रीकंठाने दांडेही त्याच भिंतीला बसवले. सकाळच्या उन्हात ते खाली बाजारातूनसुद्धा चमकताना दिसत. लोक बोट दाखवून म्हणत, ‘ते पाहा श्रीकंठाचे यंत्र.’

त्यानंतर मात्र एक विचित्र गोष्ट घडू लागली. एरवी चौकीदार बिनचूक काम करीत. पण पाणी चढले, टेकडीवरून इशाऱ्याचे शिंग वाजले, की चौकीदाराच्या हातून नेमके नगराचेच दार उघडे. पहिल्या चौकीदाराला बेफिकीर म्हणून काढून टाकले. दुसऱ्याला दारूडा ठरवले. बिचाऱ्याने कधी दारूचा थेंबही चाखला नव्हता. तिसरा माणूस म्हणून गोमाजी नावाच्या नावाड्याला नेमले. ऐन भोवऱ्यातही ज्याने कधी नाव उलटू दिली नाही, असा हा धीराचा माणूस. सगळे म्हणाले, आता चिंता नाही.

आषाढात पाणी चढले, शिंग वाजले, आणि गोमाजीनेही नगराचेच दार उघडले.

लोंढा कालव्याचे काठ फोडून रंगाऱ्यांच्या आळीत शिरला. रंगाची पिंपे तरंगत बाजारपेठेत आली, एक भिंत कोसळली आणि तिच्याखाली एका रंगाऱ्याचा पाय मोडला. कोणी दगावले नाही, ही दैवाचीच कृपा.

नगरसभा भरली. गोमाजी मान खाली घालून उभा राहिला.

“तुला काय सांगायचे आहे?” सभाप्रमुखांनी विचारले.

“चूक माझीच आहे,” तो म्हणाला. “कोणता दांडा ओढायचा ते मला पक्के ठाऊक होते. तरी हात दुसऱ्यावर कसा गेला, ते मला सांगता येत नाही. द्याल ती शिक्षा मान्य आहे.”

नगरशेठ उठले. त्यांची कापडाची वखार पाण्याखाली गेली होती. पण ते बोलले ते केवळ त्या रागाने नव्हे. “तिसरा माणूस आणि तीच चूक,” ते म्हणाले. “आपण फार सौम्यपणे वागलो. याला कुटुंबासह नगराबाहेर घालवा. त्या धाकाने तरी पुढचा माणूस सावध राहील.”

मग श्रीकंठाची साक्ष झाली. त्याने शांतपणे सांगितले, “चाके, साखळ्या, वजने मी स्वतः तपासली. जो दांडा ओढला, त्याचेच दार उघडले. यंत्राने आज्ञा पाळली. आज्ञा चुकीची होती.”

सभेला हे पटले. आता शिक्षा सुनावणार, तोच आचार्य काठी टेकत उभे राहिले.

“शिक्षेला माझी हरकत नाही,” ते म्हणाले. “परंतु पावसाळा अजून सरलेला नाही आणि चौकी रिकामी आहे. या यंत्राची ज्याला सर्वांत अधिक माहिती आहे, त्याला काही काळ तिथे बसवा. तोवर निकाल थांबवा.”

सर्वांच्या नजरा श्रीकंठाकडे वळल्या. यंत्रकाराला चौकीदाराचे काम सांगणे त्याला मनातून लागले. पण गुरूंचा शब्द मोडणे शक्य नव्हते. दुसऱ्या दिवसापासून तो चौकीत बसू लागला.

काम सोपे होते. सकाळी कालव्यात पाणी सोडावे, दुपार होण्याआधी बंद करावे. धरणातले बहुतेक पाणी त्या लोंढ्यात वाहून गेल्यामुळे पूर येण्याची भीतीही नव्हती. श्रीकंठाचा हात एकदाही चुकला नाही. उलट बसल्याबसल्या त्याला वाटे, इतक्या सरळ यंत्रावर तिघे चुकतात म्हणजे माणसांची निवडच सदोष असली पाहिजे.

असेच एके दुपारी आचार्य धरणावर आले. चौकीत न येता ते पायऱ्या उतरून खाली गेले, नगराच्या कालव्याच्या कोरड्या पात्रात शिरले, दारासमोर चटई अंथरली आणि डोळे मिटून मांडी घालून बसले.

श्रीकंठ चक्रावला. “आचार्य,” त्याने वरून हाक दिली, “ती जागा बसण्याची नव्हे. वर या.”

आचार्य हलले नाहीत.

त्याने पुन्हा हाक दिली, आणि तेवढ्यात टेकडीवरून शिंग वाजले. पुराचे शिंग.

श्रीकंठ वळून धरणाच्या बाजूच्या खिडकीकडे धावला. पाणी चढताना दिसत नव्हते; पण शिंग थांबेना. वरच्या खोऱ्यात काय झाले असेल कोण जाणे. त्याच्या मनात एकच विचार होता: खाली गुरू बसले आहेत, घळीचेच दार उघडले पाहिजे, घळीचेच. तो झेपावला, मूठ पकडली आणि सगळा जोर लावून दांडा ओढला.

साखळीचा खडखडाट झाला. तो नगराच्या दाराकडून आला.

उरलेसुरले पाणी धो धो करीत कालव्यात कोसळले. त्याने दांडा मागे लोटण्याचा प्रयत्न केला. पण एकदा सुटलेली वजने गुंडाळल्याखेरीज दार खाली येत नसे. तो तसाच पायऱ्यांवरून पडत-धडपडत खाली धावला. आचार्य छातीभर पाण्यात बसले होते. चटई वाहून गेली होती. श्रीकंठाने त्यांना दोन्ही हातांनी उचलले आणि काठावर आणून बसवले.

आचार्यांनी दाढी पिळली. “पाणी गार आहे,” ते म्हणाले.

शिंग आता थांबले होते. ते आचार्यांनीच वाजवायला सांगितले होते, हे त्याला पुढे कळले.

“कोणता दांडा ओढायचा, ते तुला ठाऊक नव्हते?” आचार्यांनी विचारले.

“ठाऊक होते.”

“यंत्रात काही बिघाड होता?”

“नाही.”

“मग मी बुडावे अशी तुझी इच्छा होती?”

श्रीकंठाचे डोळे भरून आले. “नाही, आचार्य.”

“तुला ज्ञान होते. मनात प्रेम होते. यंत्र तर तुझेच अपत्य. तरीही हात चुकला,” आचार्य म्हणाले. “आता सांग, गोमाजीला काय शिक्षा द्यावी?”

श्रीकंठ म्हणाला, “माझा हात का चुकला, तेवढे मला समजावून सांगा.”

ओल्या वस्त्रांनिशीच आचार्य त्याला घेऊन चौकीत आले. त्याला धरणाकडे तोंड करून उभे केले. “घळीचे दार कोणत्या हाताला?”

“डाव्या.”

“आता वळ. दांड्यांकडे तोंड कर. घळ आता कुठे आली?”

श्रीकंठ वळला. “उजव्या हाताला.”

“आणि घळीचा दांडा?”

तो डावीकडे होता. श्रीकंठ त्या दोन लखलखीत मुठींकडे पाहत राहिला. त्याने आराखडा कागदावर काढला होता तो धरणाकडे तोंड करून, आणि दांडे बसवले होते नगराकडच्या भिंतीला. कागदावरची डावी बाजू त्याने तशीच उचलून पाठीमागच्या भिंतीवर आणली होती. आणि दोन्ही मुठी अशा एकसारख्या, की बोटांना त्यांच्यातला भेद कळू नये.

“निवांत माणूस आठवून वागतो,” आचार्य म्हणाले. “घळ उजवीकडे असली तरी तिचा दांडा डावीकडे, हे तो लक्षात ठेवतो. भ्यालेल्या माणसाला आठवत नाही. तो संकटाकडे पाहतो आणि जिथे सुटका दिसते तिकडे हात टाकतो. गोमाजीचा हात घळीच्याच दिशेने गेला होता, बाळ. तुझाही तिकडेच गेला. पण तिथे तू नगराचा दांडा ठेवला होतास. हे यंत्र तू निवांत बसलेल्या श्रीकंठासाठी केलेस. चौकीत बसणारा माणूस मात्र थकलेला असतो, भिजलेला असतो, आणि त्याची बायकापोरे खाली नगरात असतात. शूराचा हातही थरथरतो. आपले यंत्र त्या थरथरत्या हातासाठी असावे.”

दुसऱ्या दिवशी श्रीकंठ न बोलावता नगरसभेत गेला आणि आपला हात कसा चुकला ते त्याने सर्वांसमोर सांगितले.

नगरशेठांनी भुवया उंचावल्या. “म्हणजे दोष कोणाचाच नाही म्हणा ना.”

“दोष आहे,” श्रीकंठ म्हणाला. “तो माझ्या आराखड्यात आहे. गोमाजींना मोकळे करा, आणि आधी कामावरून काढलेल्या दोघांवरचा ठपकाही पुसून टाका. मला हे काम पुन्हा करू द्या.”

सभेत कुजबुज झाली. पण आचार्य पाण्यात बसल्याची वार्ता तोवर नगरभर झाली होती. ज्याने यंत्र घडवले त्याच्याही हातून तेच घडले, हे कळल्यावर शिक्षेचा आग्रह कोणी धरला नाही. आधीचे दोघे अपमानाने नगर सोडून गेले होते; त्यांना निरोप धाडण्याचे ठरले, आणि नगरशेठांनी स्वतः आपल्या तांड्यांतल्या माणसांकरवी त्यांचा शोध घेण्याचे कबूल केले.

श्रीकंठ सभेतून थेट गोमाजीच्या घरी गेला. नदीकाठच्या त्या झोपडीत गोमाजी भिंतीला टेकून बसला होता. त्याची बायको सगुणा दारात आली.

“सुटले म्हणून निरोप आला, तरी त्यांचे हे असेच,” ती म्हणाली. “नाव काठाला बांधून ठेवलीय. हात लावत नाहीत तिला. म्हणतात, आता कोणाचा जीव माझ्या हाती नको.”

श्रीकंठ आत जाऊन गोमाजीसमोर जमिनीवर बसला. “गोमाजीबाबा, चौकीत परत या.”

“माझा माझ्याच हातावर भरवसा राहिला नाही,” गोमाजी म्हणाला. “दुसरा कोणी पाहा.”

“भरवशाचा हात मला नकोच आहे. जो चुकू शकतो, तोच हात हवा आहे. न चुकणाऱ्या माणसासाठी मी एकदा यंत्र करून पाहिले. ते नगरावर उलटले.”

गोमाजीने प्रथमच मान वर केली. “तुमच्याही हातून झाले म्हणतात, ते खरे?”

“खरे. गुरूंना बुडवत होतो.”

गोमाजी उठला. मग कोपऱ्यातली पगडी उचलून म्हणाला, “चला.”

श्रीकंठाने पहिल्या झटक्यात भिंतीवर ठळक अक्षरांत पाटी लिहून घेतली: ‘विचार करून ओढा.’ आचार्यांनी ती पाहिली आणि म्हणाले, “बुडणारा माणूस पाटी वाचत नाही.” पाटी उतरली. मग त्याने दांड्यांजवळ एक घंटा टांगली. चुकीच्या दांड्याला हात लागताच ती वाजे. पण शिंगाच्या आवाजात घंटेची भर पडून गोमाजी आणखीच गोंधळला. घंटाही गेली. श्रीकंठाला आता कळू लागले, की आपण अजून माणसालाच दटावतो आहोत; यंत्र आहे तिथेच आहे.

तेव्हा त्याने यंत्रशाळेच्या अंगणात लाकडी दांड्यांची एक नकली चौकी उभी केली आणि रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांना हात जोडून आत बोलावू लागला. फुलवाली आली, कुंभार आला, पाणक्या आला, एकदा नगरशेठही येऊन गेले. कोणाला काही शिकवायचे नाही, एवढाच नेम. शिंग वाजवायचे आणि ‘घळीचे दार उघडा’ म्हणायचे. लोकांचे हात कुठे जातात, ते श्रीकंठ आणि गोमाजी शेजारी बसून पाहत. हात चुकला की माणूस ओशाळून म्हणे, “माझेच लक्ष नव्हते.” श्रीकंठ म्हणे, “नाही, आमचेच नव्हते,” आणि दांडे हलवून पुन्हा शिंग वाजवी.

हळूहळू यंत्राने नवे रूप घेतले. दांडे नगराकडच्या भिंतीवरून निघाले आणि धरणाच्या खिडकीखाली आले. आता पाणी पाहणाऱ्याला पाठ फिरवावी लागत नव्हती. घळीचा दांडा घळीच्या अंगाला, नगराचा नगराच्या अंगाला. घळीच्या दांड्याला वल्ह्यासारखी जाड, खरबरीत लाकडी मूठ बसवली. ही सूचना सगुणाची, कारण नवऱ्याचा हात अंधारातही वल्हे ओळखतो हे तिला ठाऊक होते. नगराच्या दांड्याला छोटी गोल मूठ आणि वर एक खिट्टी. ती उचलल्याशिवाय तो दांडा जागचा हलेना. दार उघडले की त्या दारावर एक तांबडे निशाण वर चढे, म्हणजे आपण काय केले ते करणाऱ्याला तत्काळ दिसावे. आणि चुकून उघडलेले दार दांडा मागे लोटताच मिटावे, यासाठी श्रीकंठाने सगळ्यांत जास्त मेहनत घेतली. पितळेची झळाळी गेली. खालच्या बाजारातून आता चौकीत काहीच चमकत नव्हते.

भाद्रपद सरला आणि हस्त नक्षत्र लागले. तोवर धरण पुन्हा काठोकाठ भरले होते. अशात एका सकाळी वरच्या खोऱ्यात ढगफुटी झाली. शिंग वाजले, आणि या खेपेला ते खरे होते.

श्रीकंठ यंत्रशाळेतून धावत बांधावर आला. मागोमाग काठी टेकत आचार्यही आले. मातकट पाणी उन्मळलेली झाडे घेऊन बांधाकडे झेपावत होते. खाली नगरात आरडाओरड सुरू झाली होती. रंगारी मुले काखेला मारून चढणीकडे पळत होते. चौकीत गोमाजी खिडकीपाशी उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. दोन्ही हात लटलट कापत होते. आषाढातला तोच लोंढा, तेच शिंग, आणि कदाचित तीच चूक.

श्रीकंठ त्याला बाजूला सारून दांडा धरायला पुढे झाला. आचार्यांनी काठी आडवी धरली. “ज्याच्यासाठी केलेस, त्याला करू दे.”

श्रीकंठ थांबला. तेवढे थांबणे त्याला साऱ्या आयुष्यात सर्वांत कठीण गेले.

गोमाजीने पाण्याकडे पाहिले. मग त्याचा हात घळीच्या अंगाला गेला, खरबरीत मुठीवर पडला, आणि वल्हे ओढावे तसा त्याने दांडा आपल्याकडे ओढला.

साखळ्या खडखडल्या. घळीच्या दारावर तांबडे निशाण सरसर वर चढले, आणि पाठोपाठ लोंढा गर्जना करीत घळीत कोसळला. सबंध बांध थरारला. तुषारांनी चौकी भिजून गेली. बांधाच्या माथ्यावर चढू पाहणारे पाणी क्षणभर अडखळले, थबकले आणि उतरू लागले. खाली नगराचा कालवा एखाद्या झोपलेल्या मुलासारखा शांत वाहत होता.

चढणीवर धापा टाकत उभ्या असलेल्या लोकांनी ते निशाण पाहिले. प्रथम कोणाचा विश्वास बसेना. मग एकाएकी सारे बांधाकडे धावत सुटले. त्यांनी गोमाजीला खांद्यावर उचलले. पाय मोडलेला तो रंगारी कुबडीवर लंगडत पुढे आला आणि त्याने गोमाजीच्या कपाळाला आपल्या हाताने गुलाल लावला. नगरशेठांनी स्वतःचा शेला काढून त्याच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, “मी याला घालवायला निघालो होतो.” ढोल आले, ताशे आले. उत्तरेच्या वेशीपासून रंगाऱ्यांच्या आळीपर्यंत मिरवणूक निघाली. ज्या आळीत पाणी शिरायचे, तिथे आज रंग उधळले जात होते. गोमाजी सगळ्यांना सांगत होता, “हात कापत होते हो माझे. पण चुकले नाहीत.” आणि सगुणा गर्दीतून वाट काढत त्याच्याजवळ पोहोचली, तेव्हा त्याने तिला विचारले, “आपली नाव कुठे बांधलीय? उद्या पाण्यात घालू.”

बांधावर आचार्य आणि श्रीकंठ दोघेच उरले. मिरवणुकीतल्या कोणाला श्रीकंठाची आठवण झाली नव्हती. एकानेही वळून चौकीकडे बोट दाखवले नाही.

“मनाला लागले का?” आचार्यांनी विचारले.

श्रीकंठाने आपल्या मनात डोकावून पाहिले. “नाही,” तो म्हणाला. “यंत्र तिथे आहे हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. त्यांना फक्त गोमाजी दिसला.”

आचार्य हसले आणि त्यांनी नेहमीसारखी मान डोलावली. पण श्रीकंठाचे तिकडे लक्ष नव्हते. खालून ढोलांचा आवाज येत होता आणि तो ऐकण्यात तो रमून गेला होता.

एखाद्याच्या हातून पुन्हा पुन्हा तीच चूक होत असेल, तर त्या हाताला बोल लावण्याआधी, आपण त्या हातात काय दिले आहे ते एकदा पाहावे.